भट्टी-दोन

"पाईप टाकलाय," म्हटल्यावर दस्तगीरमामांनी
हातमोजे काढत विचारलं, "दीड इंची का दोन?"
मामा, हा नुसता नावाचा आहे.
"नावाचा म्हंजे?"
म्हणजे नाव आहे, भट्टी-दोन. फोल्डरात दिसतो.
आकार बघायला गेलं तर शून्य.
"आन् त्यातनं जातंय काय?"
आकडे.
ते हसले, खाकरले, "शिकल्याली पोरगी, नाद खुळा,"
आणि जिना उतरून गेले.

उद्यमनगर, पोवारांच्या लेथच्या वरची खोली.
डेस्कटॉपच्या पंख्यात साच्याची काळी वाळू.
एका टोकाला सुकुमारचा प्रोग्रॅम,
भट्टीचा ताप मोजून नळीत टाकणारा.
सुकुमार आता चाकणला. फोन उचलत नाही.
दुसऱ्या टोकाला माझं पायथन, सात ओळींचं.
पहिली ओळ ओपन.
दुसरीपर्यंत पोचतच नव्हतं.

तीनदा बंद केलं, तीनदा लावलं,
सुकुमारच्या सात पिढ्यांची आठवण काढली.
चौथ्यांदा उलगडलं:
लिहिणाऱ्यानं पलीकडचं दार उघडल्याशिवाय
वाचणाऱ्याला आत घेत नाहीत.
आणि वार सोमवार.
सोमवारी उद्यमनगराला सुट्टी, भट्टी गार,
खाली फक्त पोवारांचं कुत्रं.
चूक शोधत होतो तिथं
चूक नव्हतीच.

मंगळवारी तीनच्या सुमाराला आलं एकदम,
अकराशे चार
अकराशे सदतीस
बाराशे.
वाचलेला आकडा नळीत उरत नाही.
दुसऱ्या खिडकीतनं सहज डोकावायला गेलो
तर निम्मे आकडे तिकडं, निम्मे इकडं,
खालनं हाक, "मधलं कुठं गेलं गं?"
त्या खिडकीनं खाल्लं, मामा.

चहाच्या सुट्टीत सुकुमारचा प्रोग्रॅम दार ओढून गेला
आणि माझा वेडा झाला.
काही नाही, काही नाही, काही नाही,
सेकंदाला लाखभर वेळा काही नाही,
पंखा असा घोंगावला की वाटलं वरच वितळतंय.
उपाय सापडला रात्री साडेअकराला:
लिहायचं टोकसुद्धा आपणच एक धरून ठेवायचं.
लिहायचं काही नाही.
नुसतं धरायचं.
मग नळीला वाटत नाही सगळे गेले.

तवर एक लक्षात आलं नव्हतं.
खाली भिंतीवर स्क्रीन लावलाय, वीतभर आकडे,
तरी मामा मिनिटाला तीनदा,
"किती झालं गं?"
हा माणूस एकेचाळीस वर्षं
लोखंडाच्या रंगावर ओतत आला.
केशरीतलं तांबडं गेलं की ओत,
पोरं यंत्रावर ताडून बघायची,
पाच-सात अंशांचा फरक.
परवा लॅडल धरलेला हात
साच्याच्या तोंडापासनं चार बोटं बाजूला.
वाळू चरचरली. कुणी बोललं नाही.

संध्याकाळी ते वर आले, जिन्याला हात लावत.
"दोन्हीबी डोळ्यांत ढग आलाय.
मालकास्नी बोलू नगंस.
दिवाळीच्या बोनसनंतर करतो ऑपरेशन."
मी म्हटलं, बरं.
म्हटलं, उद्यापासनं आकडा बोलेल.

आता आठव्या ओळीपासनं पुढं
स्पीकरला बोलायला लावलंय. आवाज विमानतळावरचा,
एक हजार चारशे वीस,
असं काही लाडात म्हणतो की पोरं हसतात.
मालक म्हणाले, वा, आधुनिक.
मामा मान तिरकी करून ऐकतात
आणि बरोब्बर वीसला हात वळवतात.

आज परत सोमवार.
मशीन चालूच ठेवलंय, का ते विचारू नका.
प्रोग्रॅम वाचायला बसलाय, दुसरं टोक माझ्या हातात,
खिडकीतनं मामा येताना दिसतात,
गटारीच्या कडेला थबकलेले,
पाय कुठं टाकायचा ते बघत.
मी वरनं ओरडतो,
डावीकडं, मामा. अजून थोडं.
हां.